अजून एकच हंगाम

४ जून, मंगळवार

बायकोने ही वही आणली, पेन आणलं, दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मग काय, लिहिणं आलं. शेवटच्या मॅचमध्ये त्यांचा स्ट्रायकर आणि मी एकाच बॉलसाठी उडालो आणि डोक्यावर डोकं आपटलं. तेव्हा हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले होते, रोज काय केलंत ते लिहून काढत जा. मन शांत राहतं म्हणे. माझं मन शांतच आहे. अशांत बाकीचे आहेत.

तर शांतपणे लिहितो. क्लबने मला नारळ दिला. हंगाम संपला की देतातच कुणाकुणाला, यंदा माझी पाळी. मी छत्तीसचा. सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर उभं राहायचं आणि वरून येईल तो बॉल डोक्याने परत पाठवायचा. म्हणून मला सगळे टाळकं म्हणतात. आम्हाला कॉर्नर मिळाला की अख्खं स्टेडियम ‘टाळकं! टाळकं!’ ओरडायचं आणि मी मागून पळत पुढे जायचो. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत.

आता जून-जुलै हे आमच्यासारख्यांचे वाईट महिने. क्लब नाही, जर्सी नाही, फोनकडे बघत बसायचं. पण माझ्यात अजून एक हंगाम आहे. बायकोला सांगितलं, एकच. मग स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर येईन, टाळ्या घेत. मला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं आणि तोच माझा शेवट, हे मला मान्य नाही. तिने पेनाचं टोपण काढून दिलं.

७ जून, शुक्रवार

बगळ्याबरोबर सकाळचा सराव. बगळा म्हणजे आमचा गोलकीपर. उंच, काटकुळा, बॉल पलीकडच्या टोकाला असला की एका पायावर उभा राहतो, म्हणून बगळा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यालाही नारळ. इतके हंगाम मी त्याच्यापुढे उभा राहिलो, त्याच्या अंगावर येणारे निम्मे बॉल मी परतवले. हे तोही कबूल करेल, फक्त चारचौघांत नाही.

बिचाऱ्याची मला काळजी वाटते. अडतीस वर्षांचा कीपर कोण घेणार? सराव संपला तरी घरी जात नाही, मला पार दारापर्यंत सोडायला येतो. एकटेपणा खायला उठत असणार. आज म्हटलं, “अरे, तुझं घर उलट्या दिशेला आहे.” तर म्हणतो, “चालतो जरा, पोट सुटलंय.” ह्याला पोट! शर्ट काढला तर हाडांचा तक्ता दिसतो. म्हटलं, चल बाबा, तुझं मन रमतंय तर.

एक मात्र खटकलं. सगळे बॉल जमिनीवरून देत होता. म्हटलं, “वरून टाक की, हेडर मारू दे.” म्हणाला, “टाळक्या, हेडर तुला झोपेतही येतात. पायांचं बघ, गंजलेत.” हे खरं आहे. ऊन डोळ्यांत फार टोचत होतं, टोपी घालून खेळलो.

१२ जून, बुधवार

आज गंमत झाली. गाडी घेऊन ब्रेड आणायला निघालो आणि थेट जुन्या क्लबच्या पार्किंगमध्ये जाऊन पोचलो. माझ्या जागेवर कुणाची तरी लाल गाडी. वॉचमन धावत आला, सलाम ठोकला, म्हणाला, “साहेब, काही राहिलं का आत?” म्हटलं, “नाही रे, सहज.” मग बराच वेळ आठवत बसलो की निघालो कशाला होतो. सवय, दुसरं काय! गाडीलाच रस्ता पाठ.

घरी येऊन हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव नोंदवायच्या टेबलावर बसते. दिवसभर कोण कुठे धडकला हेच ऐकून तिचा विनोद आटलाय. संध्याकाळी म्हणाली, आता गाडी मला लागेल, ऑफिसला न्यायला. ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे! पण वाद कोण घालणार? किल्ली तिच्या पर्समध्ये गेली.

१९ जून, बुधवार

एजंटला फोन केला. उचलला, हेच नवल. म्हणाला, “अरे, कालच सगळं बोललो ना आपण?” मी काल त्याच्याशी बोललोच नव्हतो. इतके खेळाडू गळ्यात बांधून घेतो की कुणाशी काय बोलला त्याचा ह्याला पत्ता नसतो. म्हटलं, बरं बाबा, परत सांग.

सांगितलं त्याने. दोन क्लबांनी माझ्याबद्दल विचारलं, मग त्या डोक्याच्या माराबद्दल विचारलं, मग विचारायचे थांबले. मी म्हटलं, “सांग की त्यांना, टाके पडले, टाके निघाले.” “ते म्हणतात, मेडिकल कडक घेऊ.” “घेऊ दे! घाबरतो का मी?”

फोन ठेवल्यावर मला भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. इथे कोण बघतंय? मला दुसरं काही येत नाही. हेडर सोडून मला ह्या जगात एक गोष्ट धड येत नाही.

२३ जून, रविवार (बायको म्हणते सोमवार, २४. बरं, सोमवार.)

लेकीला सुट्टी आहे. दहा वर्षांची झाली, तोंडाने मात्र चाळिशीची. आज सोफ्यावर चित्र काढत बसली होती. मी विचारलं, पोहायच्या क्लासला कधी जायचंय? तिने एक बोट वर केलं. जरा वेळाने काही विचारलं, तर दोन बोटं. जेवताना तीन. मला वाटलं कसला तरी खेळ चाललाय. संध्याकाळी तिने पाचही बोटं माझ्या नाकासमोर नाचवली आणि खदाखदा हसत म्हणाली, “बाबा, तू क्लासचं पाचव्यांदा विचारलंस!”

मीही हसलो. बाप आहे, विचारणारच. पण बायको तिच्यावर अशी ओरडली, अशी ओरडली, की पोरगी रडायलाच लागली. मला बायकोचा राग आला. जरा पोरीने बापाची टिंगल केली तर एवढं काय आकाश कोसळलं? मी लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, तू मोज गं बिनधास्त. तिने माझ्या गळ्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, “मी नाही मोजणार आता.”

१ जुलै, सोमवार

बोलावणं आलं! डोंगराकडच्या क्लबने ट्रायलला बोलावलंय. फोन बगळ्याच्या मोबाइलवर आला, कारण माझा बहुतेक लागत नव्हता. तेवढ्यात बगळ्याने स्वतःचंही घोडं पुढे दामटलं, मला म्हणतो, “दोघांना बोलावलंय.” हुशार आहे. माझ्यामुळे त्याचंही भलं झालं तर झालं. कोचला मी स्वतःहून शब्द टाकीन त्याच्यासाठी.

आता मेडिकल. प्रत्येक हंगामाआधी क्लबचे डॉक्टर डोक्याची परीक्षा घेतात. पाच शब्द सांगतात, मग महिने उलटे म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात, आणि मग अचानक विचारतात, मघाचे पाच शब्द कोणते? पण आमच्या अख्ख्या लीगमध्ये डॉक्टरांकडे एकच कार्ड आहे, आणि ते वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नाही. जुन्या खेळाडूला ते शब्द स्वतःच्या नावासारखे पाठ. डोक्याला काल मार बसला असला तरी तोंडातून आपोआप बाहेर पडतात. चमचा, घोडा, खिडकी, पेरू, दोरी. ड्रेसिंग रूममध्ये नव्या खेळाडूला पहिलं हे शिकवतात, बाकीचं नंतर.

सरावानंतर मैदानाच्या पायऱ्यांवर बसून बगळ्याने माझ्याकडून घोकून घेतलं. पहिल्यांदा घोडाच निसटला. मग पेरू. बगळा म्हणाला, “टाळक्या, नक्की करायचं का हे?” म्हटलं, “तू सगळ्यांनाच शिकवत आलास की! आजच साधू झालास?” तो परत पहिल्यापासून म्हणायला लागला. शेवटी जमलं. घरी येईपर्यंत म्हणत होतो.

७ जुलै, रविवार

पोचलो. खोली लहान, दोन पलंग, खिडकीतून मैदान दिसतं. आहाहा, काय गवत आहे! कापलेल्या गवताचा वास आला आणि मला रडूच आलं. बगळ्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

कोच भेटला. तरुण आहे, माझ्याहूनही लहान असेल. बगळ्याला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “हेच का ते?” जसा काही मला ओळखतच नाही! हे कोच असेच. खूप हवा असलेला खेळाडू समोर आला की ओळख दाखवत नाहीत, म्हणजे तो भाव खाणार नाही. मी काय काल जन्मलोय?

बगळ्याला एक नंबरची जर्सी मिळाली, पाठीवर नावासकट. मला बिननंबरचं पिवळं बनियन. म्हणजे माझा नंबर अजून ठरायचाय.

८ जुलै, सोमवार

ट्रायल मॅच. चांगला खेळलो. हे मी म्हणत नाही, बगळाही म्हणाला. पण तो मागून सारखा ओरडत होता. “टाळक्या, डावीकडे! टाळक्या, वर चल! टाळक्या, तुझा माणूस, तुझा माणूस!” पूर्वी इतका नाही ओरडायचा. वय झालं की कीपर घाबरट होतात. मी त्याचं ऐकून घेतलं, त्याला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या हाफमध्ये एक उंच बॉल आला. बगळा ओरडला, “सोड! सोड! माझा आहे!” मी कुठला सोडतोय? उडालो आणि असा कडक हेडर मारला की बॉल मध्यरेषेपार. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळं पांढरं झालं. बल्ब डोळ्यांसमोर धरावा तसं. जरा वेळच.

मॅच संपल्यावर बूट सोडायला बसलो तर लेस सुटेचना. बोटं ऐकत नव्हती. बगळा खाली बसला, त्याने माझे दोन्ही बूट काढले. मी त्याला स्कोअर विचारला. आणखीही काहीतरी विचारलं असेन, कारण तो माझ्याकडे वर बघत तसाच गुडघ्यावर बसून राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याने दोन गोल खाल्ले ना. मी म्हटलं, “होतं रे, मी बोलतो कोचशी.” तो उठला आणि कुठेतरी निघून गेला. जेवायच्या वेळेलाच परत आला.

९ जुलै, मंगळवार

मेडिकल फत्ते!

डॉक्टर बाई आहेत, चष्मेवाल्या, बोलायला गोड. आधी पाच शब्द सांगितले. बाहेर गवत कापायचं मशीन चाललं होतं, मी ते बघत होतो. शब्द ऐकायची मला गरजच काय? महिने उलटे म्हणताना सप्टेंबरनंतर जरा घोटाळा झाला, पण तो चांगल्या चांगल्यांचा होतो. एका पायावर डगमगलो. म्हटलं, “बाई, बगळा दुसरा, तो बाहेर बसलाय.” त्या हसल्या.

मग म्हणाल्या, “मघाशी मी पाच शब्द सांगितले होते, आठवतायत?” मी डोळे मिटले आणि धडाधड म्हणून दाखवले. चमचा, घोडा, खिडकी, पेरू, दोरी. कुठेही अडखळलो नाही. बाई म्हणाल्या, “घाई नको, परत आठवून बघा.” मी परत म्हटले, आणखी जोरात. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर आणखी कसले कसले शब्द सावकाश सांगत बसल्या, परत परत. ते काही कार्डावरचे नव्हते, म्हणून मी मनावर घेतलं नाही. शेवटी विचारलं, “तुमच्याबरोबर घरचं कुणी आलंय का?” म्हटलं, “मी काय लहान आहे? सही करायला माझा मी समर्थ आहे.” बायकोचा नंबर मागितला, तो दिला. करार पाठवायचा असेल.

बायकोला फोन करून सांगितलं, झालं काम. ती म्हणाली, “जेवलास का?”

११ जुलै, गुरुवार

घरी आलोय. कोच म्हणाला कळवतो. बगळ्याला तिथेच ठेवून घेतलंय, कशाला ते कळलं नाही. आजचा सराव एकट्यानेच केला, भिंतीवर बॉल मारून.

१६ जुलै, मंगळवार

त्या डॉक्टर बाईंनी बायकोला फोन केला, मला नाही! आणि बायकोने मला न विचारता मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. आत असला खडखडाट की मला वाटलं मशीन बिघडलंय. मी बायकोला म्हटलं, “हे सगळं क्लबला कळलं तर? करार हातचा जाईल ना!” ती म्हणाली, “अरे, करार नाहीये.” म्हटलं, “अजून नाहीये.” त्यावर तिने तोंड फिरवलं.

१८ जुलै, गुरुवार

बगळा आला होता. नेहमी आल्या आल्या फ्रिज उघडतो, आज दारातच उभा. बायकोने लेकीला घेतलं आणि बाहेर गेली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

“टाळक्या, एक सांगायचंय.”

“सांग की. जागा मिळाली ना तुला? पार्टी देतोस का?”

“शब्द मी बदलायला लावले.”

मला कळेना कुठले शब्द. मग त्याने सांगितलं. मॅचच्या दिवशी तो माझे बूट काढत असताना मी त्याला स्कोअर विचारला. मग परत विचारला. मग विचारलं, आपण कुठल्या क्लबकडून खेळतोय? तो उठून सरळ डॉक्टर बाईंकडे गेला आणि म्हणाला, त्याला जुने शब्द पाठ आहेत, मीच पाठ करून घेतलेत, त्याला नवे विचारा. आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी नवे विचारले. मी जुने सांगितले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “मी विसरलो नाही! मी ऐकलेच नव्हते! मी बाहेर बघत होतो!”

“त्यांनी मग परत सांगितले ना, सावकाश. चारदा. तुला त्यातला एक आला.”

“आणि तुझी जागा पक्की झाली! माझ्या पाठीत सुरा घालून!”

“माझी आधीच पक्की होती.” हे तो इतक्या हळू म्हणाला की मला पुढे वाकावं लागलं. “मे महिन्यातच विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, टाळक्याला बघणार असाल तर येतो. म्हणून ट्रायल घेतली तुझी.”

म्हणजे मी ह्याची काळजी करत होतो आणि हा मला शेपटीला बांधून फिरत होता. मला बसलेल्या जागी लाज वाटली. लाज वाटली की मी ओरडतो. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. त्याच्या मेलेल्या आईपर्यंत गेलो.

तो उभाच. ह्या माणसाच्या तोंडावर मी बॉल आदळलेला बघितलाय, नाकातून रक्त आलेलं बघितलंय, पण रडताना कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, “मी तुझ्या मागे उभा असतो रे. तुला दिसत नाही, मला दिसतं. त्या दिवशी तू पडलास तेव्हा तुझे डोळे उघडे होते आणि तू माझ्याकडे बघत नव्हतास. मी हाका मारत होतो. मला ते परत नाही बघायचं. शिव्या दे, मार मला, पण परत नाही बघायचं.”

मी म्हटलं, “चालता हो.” तो गेला. बायको परत आली तेव्हा मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो.

२० जुलै, शनिवार

कुणाशी बोलायचं नाही.

२६ जुलै, शुक्रवार

मेंदूचे डॉक्टर म्हातारे आहेत, केस कानांतून बाहेर आलेले. फोटो उजेडावर धरून दाखवत होते, इथे असं, तिथे तसं. मला ढगच दिसले. म्हणाले, हे एका मॅचचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे, त्या माराने ते उघडकीला आलं इतकंच. आणखी एक मार बसला तर काय होईल हे मी सांगू शकत नाही. जे गेलंय तेही किती परत येईल, सांगता येत नाही. विश्रांती घेतली तर निदान हातात आहे ते बरेच दिवस राहील.

मी विचारलं, “आणि हेडर न मारता खेळलो तर? नुसता पायांनी?” डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “तो बॉल वर आला की उडणारच. तुम्ही त्याला ओळखत नाही.”

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

येताना तिने वाटेत गाडी कडेला घेतली. मला वाटलं पंक्चर झालं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती रडायला लागली, अगदी मोठमोठ्याने, लेक रडते तशी. मला काय करावं कळेना, मी वायपर चालू केले. ती रडता रडता हसली आणि परत रडली. म्हणाली, “मी तुझ्या एका हंगामाच्या आड नव्हते रे. पण मला तू हवा आहेस. नुसता घरात बसलेला, कटकट करणारा, तेच तेच पाचदा विचारणारा, कसाही. मी पाचही वेळा उत्तर देईन. पण तू हवास.”

मला एवढंच कळलं की मी जून महिन्यापासून ह्या घरात फक्त स्वतःच्या भीतीबद्दल लिहितोय.

३१ जुलै, बुधवार

दुपारी एजंटचा फोन. आवाजातच साखर. “टाळकं शेठ, काम झालं!” समुद्राकडचा एक लहान क्लब आहे, खालच्या लीगमधला. त्यांचा सेंटर बॅक सोडून गेला, पुढच्या आठवड्यात पहिली मॅच. पूर्ण हंगामाचा करार. मी विचारलं, “मेडिकल?” तो म्हणाला, “कसलं मेडिकल? त्यांच्याकडे डॉक्टरच नाही. ये आणि खेळ.”

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. आनंदाने. लिहितोय ते खरं लिहितोय, आनंदानेच. पूर्ण हंगाम! घरच्या मैदानावर शेवटची मॅच, मी चालत बाहेर येतोय, लोक उभे राहिलेत. मी मनात बूटही पुसायला घेतले. तो म्हणाला, “बोल, हो सांगू ना?”

मी म्हटलं, “नको.”

“काय? वेड लागलं का तुला?”

“अजून नाही. म्हणूनच सांगतोय.”

त्याला वाटलं मी भाव खातोय. म्हणाला, “नीट विचार कर. उद्या सकाळी परत फोन करतो. तोवर झोप काढ, डोकं थंड होईल.”

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. उद्या सकाळी! आज मी नको म्हटलं ते मला उद्या आठवेल का? हल्ली सकाळ कशी उजाडेल ते मला सांगता येत नाही. हा विचारेल, समुद्राकडचा क्लब, पूर्ण हंगाम, हो सांगू ना, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हो म्हणेन. आनंदाने हो म्हणेन. मला मी चांगला ओळखतो.

चप्पल घालून तसाच बायकोच्या ऑफिसवर गेलो. वाटेत विसरू नये म्हणून फोन हातात समोर धरून चाललो. ती टेबलावर एका आजीबाईंचं नाव नोंदवून घेत होती. आजीबाईंच्या देखतच फोन तिच्यापुढे ठेवला.

“हा तू ठेव. उद्या सकाळी एजंटचा येईल. मला देऊ नकोस. मी मागितला तरी देऊ नकोस. भांडलो तरी देऊ नकोस.”

तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “नक्की?” म्हटलं, “आत्ता नक्की आहे. आत्ताच घे.” तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि माझा हात धरला. आजीबाई म्हणाल्या, मी मागाहून येऊ का?

बगळ्याशी अजून बोललो नाही. फोन करायचा होता त्याला. की केला? बायकोला विचारतो.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी फोन वाजला. मी आतल्या खोलीत होतो. माझं नशीब असं की मला कालचं सगळं, शब्द न् शब्द, आठवत होतं. कॉटची कड दोन्ही हातांनी धरून बसलो, कारण पाय आपोआप उठत होते.

स्वयंपाकघरात बायकोने फोन घेतला. एरवी मला अरे-तुरे करते. बराच वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाली, “ते आता खेळत नाहीत.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला असणार. तिने परत सांगितलं, जरा मोठ्याने, “नाही, ते आता खेळत नाहीत.” मग बराच वेळ नळ वाहत होता. मी तिकडे गेलो तेव्हा ती भांडी घासत होती आणि सगळी भांडी स्वच्छच होती.

हे इथे लिहून ठेवतो. ते आता खेळत नाहीत. मी उद्या-परवा विसरून विचारलं, एजंटचा फोन आला का गं, तर तिने हे पान माझ्यासमोर धरावं. स्वतःच्या तोंडाने तिला ते मला सांगावं लागू नये.